भोंगा ते टॉप : परभणी जिल्ह्यातील सार्वजनिक आवाजाची वाटचाल

मोकळ्या मैदानात हजारभर माणसांपर्यंत आवाज पोहोचवणे तुलनेने सोपे. शब्द पोहोचवणे अवघड. बोलण्यातल्या स्वरांची बहुतेक ऊर्जा १००० हर्ट्झच्या आत असते. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’, ‘ख’ ही व्यंजने मात्र साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात. ‘सात’, ‘हात’ आणि ‘खात’ या शब्दांतला फरक एवढ्या वरच्या पट्टीत सामावलेला असतो. ती पट्टी वाटेत विरली, तर मागच्या रांगेतल्या श्रोत्याला वक्ता बोलतो आहे एवढे कळते. काय बोलतो आहे ते कळत नाही. म्हणून सभा, कीर्तन, उरूस किंवा लग्न यांना आवाज पुरवणाऱ्या धंद्याचा इतिहास बऱ्याच अंशी ही वरची पट्टी वाजवणाऱ्या भागाचा इतिहास आहे. आधी भोंग्याचे युनिट, मग पीझो ट्विटर आणि त्यानंतर कम्प्रेशन ड्रायव्हर, असा त्याचा क्रम लागतो. परभणीसारख्या जिल्ह्यात कोणत्या काळी काय वापरले गेले हे तीन गोष्टींनी ठरवले : हाताशी वीज किती, लोकांना ऐकायचे काय, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कुठे होते.

यंत्राआधीचा आवाज

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. जिल्ह्याच्या सीमा त्यानंतरही बदलल्या. परतूरचा भाग १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आज परभणी, गंगाखेड, जिंतूर, मानवत, पालम, पाथरी, पूर्णा, सेलू आणि सोनपेठ असे नऊ तालुके जिल्ह्यात आहेत. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची ही गावे जत्रा, सप्ताह आणि आठवडी बाजार यांच्या निमित्ताने एकत्र येत आली आहेत. परभणी शहरात शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून पुढे जाते.

यंत्र नव्हते तेव्हा या गर्दीला आवाज पुरवण्याच्या जुन्या रीती होत्या. सरकारी हुकूम किंवा गावकीचा निरोप दवंडीने कळे. हलगीच्या कडकडाटात वरच्या वारंवारता भरपूर असल्याने ती दूरवर ऐकू जाई आणि लोक थांबले की मजकूर ओरडून सांगितला जाई. तमाशातले सुरते उंच पट्टीत झील धरत. कीर्तनात ध्रुपद पुन्हा पुन्हा म्हणणारे टाळकरी कीर्तनकाराचे शब्द मागच्या माणसांपर्यंत नेत. टाळांचा आवाज मृदंगापेक्षा स्पष्ट ऐकू येई, तोही याच कारणाने. मोठ्या सभेत मात्र या रीती अपुऱ्या पडत. संस्थानातल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला झाले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. अशा सभांना सरकारी परवानगीचा जाच होताच. शिवाय चार-पाच हजारांच्या समुदायापुढे नुसत्या गळ्याच्या जोरावर बोलणे ही वक्त्याच्या छातीचीच परीक्षा असे.

भोंग्याचा जन्म

डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला पीटर जेन्सन आणि त्याचा सहकारी एडविन प्रिडम यांनी टेलिफोनच्या ध्वनिग्राहकात फिरते वेटोळे बसवून त्यापुढे ग्रामोफोनचा कर्णा जोडला. २४ डिसेंबर १९१५ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे त्यांनी हे यंत्र जाहीरपणे चालवून दाखवले. १९१९ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सान दिएगो येथे याच यंत्रावरून सुमारे पन्नास हजार लोकांपुढे भाषण केले. पुढे १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधील राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. घरातल्या रेडिओसाठी तो चांगला होता, पण मैदानासाठी कर्णाच लागे. बेल प्रयोगशाळेतल्या वेंट आणि थुरस यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोलपटांसाठी जो ड्रायव्हर बनवला, तो आजच्या सगळ्या कम्प्रेशन ड्रायव्हरचा पूर्वज ठरला. त्यात पातळ पडदा मोठ्या पृष्ठभागाने हवा ढकलतो आणि ती हवा अरुंद गळ्यातून दाबाने कर्ण्यात शिरते.

हे तंत्र भारतात रुजवण्यात शिकागो रेडिओ या नावाने ओळखल्या गेलेल्या मोटवाने कुटुंबाच्या कंपनीचा वाटा मोठा आहे. सिंधमध्ये सुरू झालेला हा व्यवसाय पुढे कराचीत आणि मग मुंबईत आला. नानिक मोटवाने यांनी १९३१ च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधी-नेहरूंच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर या कंपनीची पाटी अनेकदा दिसते. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्यासह नानिक मोटवाने हेही आरोपी होते. दिल्लीत १९४० साली अहुजा रेडिओज ही कंपनी सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर तिचे अँप्लिफायर, भोंगे आणि युनिट देशभरच्या तालुक्यांत पोहोचले.

मराठवाड्यात या यंत्राला मोकळे मैदान मिळाले ते संस्थान विलीन झाल्यावर. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून जीपवर किंवा बैलगाडीवर बांधलेला भोंगा हे प्रचाराचे मुख्य साधन झाले. परभणी आणि पूर्णा ही मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरची जंक्शने असल्याने मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही बाजारांशी जिल्ह्याचा संबंध सोपा होता.

भोंग्याचे गणित

लोकांच्या तोंडी भोंगा किंवा कर्णा असे नाव असलेली वस्तू दोन भागांची असते. मागे युनिट आणि पुढे पत्र्याचा हॉर्न. युनिटात चुंबक, व्हॉइस कॉइल आणि पडदा असतो. हा पडदा बहुधा राळेत भिजवून कडक केलेल्या कापडाचा असतो. हॉर्नची लांबी वाचवण्यासाठी नळी आतल्या आत दुमडलेली असते. म्हणून बाहेरून दोन-अडीच फुटांचा दिसणारा भोंगा आतून बराच लांब असतो.

कर्ण्याचा फायदा आकड्यांत चटकन दिसतो. एक वॅट वीज दिली तर एक मीटरवर चांगला भोंगा सुमारे १०७ डेसिबल आवाज देतो. त्याच वेळी साधा शंकूचा स्पीकर ९५ च्या आसपास राहतो. फरक १२ डेसिबलचा, म्हणजे विजेच्या हिशेबात सोळा पटींचा. वीस वॅटच्या अँप्लिफायरवर भोंगा जे काम करतो, त्यासाठी शंकूच्या स्पीकरला तीनशे वॅटहून अधिक वीज लागेल. १९५० च्या दशकात तालुक्याच्या गावी तीनशे वॅटचा अँप्लिफायर ही कल्पनाच करता येत नव्हती. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, या नियमाने वीस वॅटचा एक भोंगा शंभर मीटरवर साधारण ८० डेसिबल आवाज देतो. शांत गावात एवढा आवाज भाषण समजायला पुरेसा होतो.

या फायद्याची किंमतही आहे. हॉर्नच्या तोंडाचा घेर ज्या वारंवारतेच्या तरंगलांबीएवढा असतो, त्याच्या खाली कर्णा आवाज नीट बाहेर सोडत नाही. १००० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. दोन फुटी भोंगा त्यामुळे साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या वरच कामाचा. वरच्या बाजूला जाड पडद्याचे युनिट ६००० हर्ट्झच्या आसपास थकते. उरतो तो नेमका बोलण्याचा पट्टा. भाषण, बांग, दवंडीवजा घोषणा यांना तो उत्तम. मृदंगाचा धुमा, ढोलकीची घुमणारी बाजू मात्र त्यातून येत नाही. आणि ती येत नसली तरी पडदा हलतो. खालच्या वारंवारतेला हॉर्नची हवा पडद्याला आवर घालत नाही, म्हणून भरपूर बेसचे गाणे लावले की पडदा फाटतो किंवा कॉइल घासते. युनिटच्या तारेत कपॅसिटर घालून खालची वारंवारता अडवण्याची रीत यातूनच आली.

बॅटरी, वीज आणि तार

सुरुवातीचे अँप्लिफायर व्हॉल्व्हचे होते. व्हॉल्व्हला काही शे व्होल्ट लागत. वीज नसलेल्या गावात मोटारीच्या बॅटरीवरून व्हायब्रेटर किंवा छोट्या फिरत्या जनित्राने ते तयार करावे लागे आणि त्यात बरीच वीज वाया जाई. रात्रभर कीर्तन चालायचे, तर भरलेल्या बॅटऱ्यांचा दुसरा संच सोबत ठेवावा लागे. कमी विजेत जास्त आवाज देणारा भोंगा या काळात टिकला, तो याच गणिताने.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. पुढच्या दोन-अडीच दशकांत खांब आणि तारा गावोगाव आल्या. त्याच काळात ट्रान्झिस्टर आला. १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर खेड्यातल्या कामासाठी सोयीचा ठरला. टूएन ३०५५ हा शक्तिशाली ट्रान्झिस्टर भारतभर इतका पसरला की आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला तरुण घरच्या घरी अँप्लिफायर जोडू लागला. रेडिओ दुरुस्तीचे दुकान आणि साउंड सर्व्हिस हे दोन धंदे अनेक ठिकाणी एकाच छपराखाली वाढले.

लांब तारांचा प्रश्न शंभर व्होल्टच्या लाइनने सुटला. आठ ओहमच्या स्पीकरला वीस वॅट देताना तारेतून दीड अँपियरहून अधिक प्रवाह जातो. अँप्लिफायरकडून शंभर व्होल्टवर वीज सोडून प्रत्येक भोंग्यापाशी लाइन ट्रान्सफॉर्मर लावला, तर तेवढ्याच शक्तीला प्रवाह फक्त ०.२ अँपियर लागतो आणि तारेत वाया जाणारी वीज सुमारे साठाव्या हिश्शावर येते. जत्रेच्या मैदानात किंवा सप्ताहाच्या मंडपापासून वेशीपर्यंत साध्या तारेवर दहा-बारा भोंगे ओळीने बांधता आले, ते या सोयीमुळे. एक मोठा आवाज करण्यापेक्षा थोड्या अंतरावर लहान लहान आवाज ठेवणे शब्द कळण्याच्या दृष्टीनेही बरे होते.

हवेचा परिणामही बाजूला ठेवता येत नाही. हवा वरच्या वारंवारता अधिक शोषते आणि कोरड्या हवेत हे शोषण वाढते. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ८००० हर्ट्झचा आवाज शंभर मीटरमागे अंतराच्या घटीशिवाय आणखी सात-आठ डेसिबल उतरतो. १५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत हीच घट सुमारे वीस डेसिबल होते. म्हणून थंड, कोरड्या हवेत दूरच्या भोंग्याचे शब्द बोथट ऐकू येतात. लांबवरच्या श्रोत्यासाठी वेगळा भोंगा जवळ नेऊन बांधणे हाच त्यावरचा खरा उपाय असतो.

काय ऐकायचे हे बदलले

भोंग्याच्या काळात साउंड सर्व्हिसची कामे ठरलेली होती. लग्न, सत्यनारायण, सप्ताह, उरूस, निवडणूक, तंबूतला सिनेमा आणि आंबेडकर जयंती. लग्नघरी पहाटेपासून तबकड्या वाजत. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भक्तिगीते आणि भीमगीते भोंग्यावर खणखणीत लागत, कारण त्या आवाजाची धार भोंग्याच्या पट्ट्यात बरोबर बसे. कव्वालीतल्या टाळ्या आणि पेटी यांचेही तसेच. कडुलिंबाच्या शेंड्यावर किंवा देवळाच्या शिखराजवळ बांधलेला भोंगा शिवारातल्या माणसालाही कार्य कुणाकडे आहे ते कळवी.

१९८० च्या दशकात कॅसेटने हे चित्र पालटले. कॅसेटवरच्या गाण्यात बेस होता, कीबोर्ड होता, डिस्कोचा ठेका होता. आर्केस्ट्रा पार्ट्या तालुक्याच्या गावी येऊ लागल्या. घरातल्या टेपरेकॉर्डरवर ऐकलेला भरीव आवाज मंडपातही हवा, असे गिऱ्हाईक म्हणू लागले. देवळे आणि सभागृहे यांत आधीच कॉलम आले होते. उभ्या ओळीत बसवलेले चार-सहा लहान स्पीकर म्हणजे कॉलम. त्याचा आवाज वरखाली कमी पसरतो आणि समोर अधिक जातो, पण नाचण्याजोगा बेस त्यात नसतो.

मग पेटी आली. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यायची, तिच्यात बारा किंवा पंधरा इंची स्पीकर बसवायचा, बाहेरून रेक्झिन चढवायचे आणि कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. तयार परदेशी पेटी परवडत नसल्याने मराठवाड्यातल्या बहुतेक साउंड सर्व्हिसचा पहिला मोठा संच असा घरचाच होता. स्पीकर आणि सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, हैदराबादच्या कोठी भागातून किंवा दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधून येत. पेटीबरोबर एक नवा प्रश्न आला. पंधरा इंची शंकू १००० हर्ट्झच्या पुढे आवाज अरुंद झोतात सोडू लागतो आणि ३००० हर्ट्झच्या वर जवळजवळ निकामी होतो. वरच्या पट्टीसाठी वेगळा भाग लावणे भाग होते.

पीझोचा काळ

या प्रश्नाला सर्वांत स्वस्त उत्तर होते पीझो ट्विटर. दाब दिल्यावर काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले होते. उलट वीज दिली की असा पदार्थ हलतो. अमेरिकेच्या मोटोरोला कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिरॅमिकची पातळ चकती आणि छोटा प्लास्टिकचा हॉर्न जोडून ट्विटर बाजारात आणला. त्याला चुंबक नाही, व्हॉइस कॉइल नाही. विजेच्या दृष्टीने तो एक कपॅसिटर असतो, म्हणून खालच्या वारंवारतेला तो फारसा प्रवाह घेत नाही. वारंवारता वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरशिवाय दोन तारा स्पीकरला समांतर जोडल्या की काम झाले. घरी पेटी बांधणाऱ्याला याहून सोपे काही नव्हते. पुढे आशियाई बाजारात त्याच्या नकला निघाल्या आणि एकेका पेटीच्या कपाळावर चार-चार, सहा-सहा पीझो ओळीने दिसू लागले.

पीझोच्या मर्यादा हळूहळू उघड झाल्या. त्याचा आवाज साधारण ४००० हर्ट्झच्या वर सुरू होतो. पंधरा इंची स्पीकर त्याआधीच मावळलेला असतो. मधली १५०० ते ४००० हर्ट्झची जागा मोकळी राहते आणि व्यंजनांची ओळख बरीचशी तिथेच असते. त्यामुळे गाणे झगझगीत वाटे, पण निवेदकाचे बोलणे कळत नसे. अनेक साउंड सर्व्हिस गाण्याला पेटी आणि भाषणाला भोंगा असे दोन्ही घेऊन जात, त्याचे कारण हेच.

दुसरी मर्यादा व्होल्टची. साधा पीझो तीस व्होल्टच्या आसपास टिकतो. आठ ओहमवर शंभर वॅट देणारा अँप्लिफायर सुमारे २८ व्होल्ट काढतो. दोनशे वॅटला ४० व्होल्ट होतात. अँप्लिफायर मोठे झाले तसे पीझो तडकू लागले. शिवाय अनेक पीझो समांतर जोडल्यावर कपॅसिटरचा भार वाढून काही अँप्लिफायर ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर डोलू लागत आणि तापून बंद पडत. प्रत्येक पीझोला वीस-तीस ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावला, तर दोन्ही त्रास कमी होतात. पण पीझोची दुरुस्ती होत नाही. गेला की फेकावा लागतो.

पीझोसोबत बुलेट ट्विटरही बाजारात होते. चुंबक, छोटी कॉइल आणि मध्ये गोळीच्या आकाराचा धातूचा तुकडा, ही १९५० च्या दशकातली अमेरिकी रचना. आवाज पीझोपेक्षा मऊ आणि स्वच्छ, पण सुरुवात त्याहूनही वर, ६०००-७००० हर्ट्झच्या पुढे. मधली पोकळी त्यानेही भरली नाही.

कम्प्रेशन ड्रायव्हर आणि टॉप

१९९० च्या दशकात डीजेचा प्रसार सुरू झाला आणि धंद्याची मोजणी टॉप आणि बेस या शब्दांत होऊ लागली. अठरा इंची स्पीकरची मोठी पेटी म्हणजे बेस. पंधरा किंवा बारा इंची स्पीकर आणि वर एचएफ, म्हणजे वरच्या पट्टीचा, ड्रायव्हर असलेली पेटी म्हणजे टॉप. ‘दोन टॉप दोन बेस’ हे लहान कामाचे माप झाले. महाराष्ट्रात अशा भिंतीवजा संचाला लोक सरसकट डॉल्बी म्हणू लागले, जरी त्या नावाच्या कंपनीशी त्याचा संबंध नव्हता.

टॉपमधला एचएफ म्हणजे बोलपटांच्या काळातलाच कम्प्रेशन ड्रायव्हर. त्याच्या मागे जगभर बरेच काम झाले होते. कडक कापड आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडीला १९८० च्या दशकापासून टायटॅनियमचा पडदा आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट महागल्याने अल्निको चुंबक मागे पडून फेराइट सर्वत्र आले. १९८४ पासून निओडिमियमची चुंबके बाजारात आली आणि ड्रायव्हरचे वजन खूप घटले. हॉर्नही बदलला. जुना हॉर्न वरच्या वारंवारता मधोमध झोतात फेकत असे. १९७५ नंतर आलेल्या ठरावीक कोनाच्या हॉर्नने तो आवाज बाजूच्या श्रोत्यांवरही सारखा पसरवला.

घरी टॉप बांधणाऱ्यासमोर निवडीचे प्रश्न साधारण पुढीलप्रमाणे उभे राहिले. पहिला, ड्रायव्हर किती खाली वाजू शकतो. एक इंची गळ्याचा, ३४ किंवा ४४ मिलिमीटर कॉइलचा ड्रायव्हर १६०० ते २००० हर्ट्झच्या वर सुरक्षित असतो. ७५ मिलिमीटर कॉइलचा मोठा ड्रायव्हर १००० ते १२०० हर्ट्झपर्यंत उतरतो. खाली पंधरा इंची स्पीकर असेल तर मोठा ड्रायव्हर चांगला, कारण शंकू अरुंद होऊ लागण्याआधीच काम त्याच्याकडे सोपवता येते. बारा किंवा दहा इंची स्पीकरसोबत लहान ड्रायव्हर पुरतो.

दुसरा प्रश्न हॉर्नचा. चांगला ड्रायव्हर हातभर लांबीच्या हॉर्नऐवजी वीतभर हॉर्नवर लावला, तर त्याला खालचा भार मिळत नाही आणि भोंग्याच्या युनिटसारखाच पडदा फाटतो. ड्रायव्हरचा गळा आणि हॉर्नचा गळा एक मापाचा हवा. एक इंची ड्रायव्हर दीड-दोन इंची हॉर्नवर अडॅप्टरशिवाय बसवला की तिथल्या पायरीवर आवाज परावर्तित होऊन खरखर येते.

तिसरा प्रश्न जोडीचा. कम्प्रेशन ड्रायव्हर एका वॅटला १०५ ते ११० डेसिबल देतो, पंधरा इंची स्पीकर ९७ ते १००. दोघांना सारखीच वीज दिली, तर टॉप कानात टोचतो. त्यामुळे क्रॉसओव्हरमध्ये रेझिस्टर लावून ड्रायव्हरचा आवाज खाली आणावा लागतो. स्वस्त पेट्यांत हे टाळले जाई आणि कर्कश टॉप म्हणजेच दमदार टॉप, असा समज काही काळ रूढ होता.

चौथा प्रश्न टिकण्याचा. संगीतातल्या एकूण शक्तीपैकी २००० हर्ट्झच्या वर थोडाच भाग असतो. म्हणून पाचशे वॅटच्या पेटीत पन्नास-साठ वॅटचा ड्रायव्हर सुखाने राहतो. पण अँप्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे रेटला की लहरींची टोके कापली जातात, वरच्या वारंवारतांची शक्ती अचानक वाढते आणि कॉइल जळते. लहान अँप्लिफायर जोरात वाजवून जळालेले ड्रायव्हर मोठ्या अँप्लिफायरवर जळालेल्यांहून बहुधा जास्तच असतात. मालिकेत मोटारीचा बल्ब लावणे हा यावरचा जुना उपाय. प्रवाह वाढला की बल्बची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि ड्रायव्हर वाचतो.

पाचवा प्रश्न तालुक्याचा होता : डायफ्राम मिळतो का? बहुतेक कम्प्रेशन ड्रायव्हरमध्ये पडदा आणि कॉइल यांचा एकच सुटा भाग असतो. मागचे झाकण उघडून तो बदलता येतो. ज्या ड्रायव्हरचा डायफ्राम परभणी किंवा नांदेडच्या दुकानात सहज मिळे, तोच लग्नसराईत उपयोगी. आवाजाने थोडा सरस पण पंधरा दिवस भागाची वाट पाहायला लावणारा ड्रायव्हर भाड्याच्या धंद्यात तोट्याचा. नामांकित परदेशी ड्रायव्हरच्या नकलाही बाजारात भरपूर आल्या. त्यांचे बाह्यरूप हुबेहूब असले तरी कॉइल चुंबकाच्या फटीत नीट मध्यभागी नसते किंवा पडदा जाड असतो, आणि तो फरक पहिल्या मोठ्या कार्यक्रमात कळतो.

कायदा आणि कान

आवाज वाढला तसा त्याला आवर घालणारा कायदाही आला. मुंबई पोलीस कायदा, १९५१ मध्ये वाद्य आणि गोंगाट यांवर बंधन घालण्याचे अधिकार पोलिसांना होते. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषण नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी आवश्यक झाली आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवणे बंधनकारक झाले. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. कोणताही धर्म ध्वनिक्षेपकाचा आग्रह धरत नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला होता. १८ जुलै २००५ च्या निकालात न्यायालयाने या नियमांची सक्त अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले.

आधीच्या हिशेबातला वीस वॅटचा भोंगा शंभर मीटरवर ८० डेसिबल देतो, म्हणजे जुन्या काळातला साधा भोंगाही निवासी मर्यादा सहज ओलांडतो. डीजेच्या संचाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नियमांतली मोजणी ए-भाराच्या डेसिबलमध्ये होते. ती माणसाच्या कानाला धरून २००० ते ४००० हर्ट्झचा आवाज पूर्ण मोजते आणि ६३ हर्ट्झचा बेस सुमारे २६ डेसिबलने कमी धरते. त्यामुळे मीटरचा काटा मुख्यतः टॉपवर हलतो, तर खिडक्यांची तावदाने आणि छातीचे ठोके बेसने हलतात. कानाचे कायमचे नुकसान मात्र बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी सुरू होते, म्हणजे ज्या पट्टीत व्यंजने कळतात तिथेच. टॉपजवळ वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या ऑपरेटरला पुढे बोलणे ऐकू येते पण नीट कळत नाही, त्यामागे हेच कारण असते.

सध्याची स्थिती

२००० नंतर तयार पेट्या स्वस्त झाल्या. अँप्लिफायर, क्रॉसओव्हर आणि संरक्षण आतच असलेली प्लास्टिकची पेटी एका माणसाला उचलता येते आणि तिला फक्त वीज व माईक लागतो. मोठ्या कार्यक्रमांना फ्रान्समध्ये १९९२ साली पुढे आलेल्या लाइन ॲरेच्या धर्तीवरचे संच शहरांतून येतात. त्यात अनेक लहान पेट्या एकाखाली एक टांगून आवाज दूरवर सारखा नेला जातो. तत्त्व देवळातल्या कॉलमचेच, फक्त वरची पट्टी कम्प्रेशन ड्रायव्हरच्या विशेष हॉर्नने वाजते. मिरवणुकीच्या कामात सुताराने बांधलेले टॉप आणि बेस अजून टिकून आहेत, कारण धूळ, पाऊस आणि ट्रॅक्टरचे हादरे सोसून ते गावातच दुरुस्त होतात.

भोंगाही संपलेला नाही. मशिदीची बांग, ग्रामपंचायतीची सूचना, भाजीच्या गाडीची हाक, रिक्षावरची जाहिरात आणि सप्ताहाचा दूरचा भोंगा ही कामे आजही त्याच्याकडे आहेत, कारण थोड्या विजेत दूरवर शब्द पोहोचवण्यात तो अजूनही सर्वांत स्वस्त आहे. लग्नाला डीजे, कीर्तनाला मृदंग नीट येईल अशी दोन-मार्गी पेटी आणि घोषणेला भोंगा, अशी कामाची वाटणी जिल्ह्यात स्थिरावली आहे. ज्या साउंड सर्व्हिसकडे तिन्ही आहेत, ती कामाचे स्वरूप आधी विचारते आणि मग ठरवते की गाडीत काय भरायचे.